तीन रकाने, एकच अक्का

मा. संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

काल पहिल्या पानावर ‘निम्म्याहून अधिक गोमंतकीय आजारी’ असा मथळा दिलात. आत पाहिले तर आपल्या प्रतिनिधीने मधुमेहाचे टक्के, रक्तदाबाचे टक्के आणि हृदयविकाराचे टक्के यांची सरळ बेरीज केलेली. बेरीज बरोबर आहे, मी पेन्सिल घेऊन तपासली. अभिनंदन. फक्त ती करायचीच नसते. शंभर माणसांत पंचवीस मधुमेही आणि पस्तीस रक्तदाबवाले असतील, तर आजारी माणसे साठ असू शकतात आणि पस्तीसही, कारण ते पंचवीस जण त्या पस्तिसांतलेच असू शकतात. म्हापशात फार्मसीच्या काउंटरमागे माझी हयात गेली. शुक्रवारच्या बाजाराला आलेल्या म्हाताऱ्या माणसाने पिशवीतून एकच चिठ्ठी काढली, असे क्वचितच व्हायचे. साखरेची एक, प्रेशरची एक, आणि वर ‘गुडघ्याक कितें तरी दी’.

गोव्यात मधुमेह २६.४ टक्के, देशात सर्वाधिक, हा आयसीएमआर-इंडियाब या देशव्यापी मधुमेह पाहणीचा २०२३ सालचा आकडा आपण पुन्हा छापलात. त्याबद्दल वाद नाही. तो वीस वर्षांवरील लोकांचे रक्त तपासून काढलेला आहे आणि चवथीनंतरची गिऱ्हाइके पाहिलेल्या मला तो नवलाचाही वाटला नाही. पण या २६ जणांत रक्तदाब किती जणांना, गुडघे किती जणांचे गेले, रात्रीची झोप किती जणांना नाही, हे कोण सांगणार?

आमच्या अक्काचेच पाहा. ती माझी थोरली बहीण, पेडण्याकडे राहते. मध्यंतरी एक मुलगी टॅब घेऊन आरोग्याची पाहणी करायला तिच्या घरी आली होती. मी तिथेच बसलो होतो. ‘डॉक्टरांनी तुम्हाला मधुमेह असल्याचं सांगितलंय का?’ अक्का म्हणाली, ‘ना गो, साखर कंट्रोलात आहे.’ नोंद: नाही. रक्तदाब? ‘गोळी घेते ना, आता नॉर्मल.’ नोंद: नाही. मी तोंड उघडले तर मुलगी म्हणाली, ‘आजोबा, त्यांनाच बोलू द्या.’ गुडघेदुखी यादीतच नव्हती. मुलगा लंडनला गेल्यापासून अक्का रात्रभर खोलीत फेऱ्या घालते, तेही यादीत नव्हते. अर्धे प्रश्न तिला ऐकूच गेले नाहीत आणि ऐकू न येणे, अर्थातच, यादीत नव्हते. आमची अक्का सरकारदरबारी ठणठणीत झाली. मुलीचा दोष नाही, तिला जे दिले होते ते तिने विचारले.

नुसते विचारून मोजले की असेच होते. अमर्त्य सेन यांनी २००२ सालीच लिहिले होते की, केरळातले लोक बिहारमधल्या लोकांपेक्षा कितीतरी जास्त आजार सांगतात, आणि जगतात मात्र जास्त. जिथे डॉक्टर जवळ असतो तिथे दुखण्याला नाव मिळते, एरवी ते वयाच्या खात्यावर जाते.

आणि यादीत काय धरायचे, याचाही काही मेळ नाही. एकाच माणसाला अनेक दीर्घ आजार असणे कसे मोजतात, याचा २०२१ साली जगभरच्या ५६६ अभ्यासांतून आढावा घेतला गेला. कोणी २ आजार धरले होते, कोणी २८५! यादी लांबवा, माणसे आजारी. आखडा, माणसे बरी. यापेक्षा स्वस्त आरोग्य योजना कोणत्याही मंत्र्याला सुचणार नाही.

मी एवढा का चिडलो, ते सांगतो. अक्काला एका ठिकाणी प्रेशरसाठी टेल्मिसार्टन आणि सोबत लघवी वाढवणारी गोळी लिहून दिली होती. दुसऱ्या ठिकाणी, हाडांच्या डॉक्टरांनी, गुडघ्यासाठी डायक्लोफेनॅक दिले, रोज दोनदा. साखरेचे डॉक्टर तिसरे. प्रत्येकाकडे वेगळा केसपेपर, प्रत्येक चिठ्ठी वेगळ्या फार्मसीत. टेल्मिसार्टन, लघवीची गोळी आणि डायक्लोफेनॅक ही तिन्ही एकत्र आली की मूत्रपिंडाला धोका असतो, हे माझ्या काउंटरवरच्या पोरालाही ठाऊक होते. अक्काचे क्रिएटिनिन (रक्तातले, मूत्रपिंड थकले की वाढणारे) चढले, पाय सुजले, तेव्हा कुठे मी पिशवी उलटी केली. हाडांच्या डॉक्टरांना जाऊन भेटलो. वर न बघता म्हणाले, ‘किडनी माझा विभाग नाही.’ आपल्या कालच्या तक्त्यातही तेच, प्रत्येक रकाना आपला विभाग सांभाळून बसलेला.

नीट मोजता येत नाही असे नाही. स्कॉटलंडमध्ये सुमारे साडेसतरा लाख लोकांच्या दवाखान्यातल्या नोंदी घेऊन, ४० आजारांची यादी धरून, एकेका माणसाला किती आजार ते मोजले. २०१२ साली ते प्रसिद्ध झाले. २३.२ टक्के लोकांना दोन किंवा अधिक आजार होते, त्यांत पासष्टीच्या आतले निम्म्याहून जास्त. आणि गरीब वस्त्यांत हे सगळे दहा-पंधरा वर्षे आधी सुरू होत होते. तिथे जवळजवळ प्रत्येकाची नोंद एका ठरलेल्या दवाखान्यात असते म्हणून जमले. आपल्याकडे निदान पाहणीला येणाऱ्याने ‘कोणते आजार’ विचारण्याआधी ‘गोळ्यांची पिशवी आणा’ म्हणावे. ती पिशवी खोटे बोलत नाही.

जाता जाता, कालचा तो तक्ता. गुलाबी पार्श्वभूमीवर करड्या रंगात, मुंगीएवढे अक्षर. मधुमेहाने डोळे अधू झालेल्यांसाठीच्या बातमीत! मला भिंग लागले.

पत्र लांबले आहे, कापावे लागेल ते कापा. मात्र गेल्या वेळी माझ्या पत्रात आपण टेल्मिसार्टनचे ‘टेलीमार्टिन’ केले होते आणि दोघांनी मला फोन करून ही नवी गोळी कुठे मिळते म्हणून विचारले. औषधांची नावे तेवढी ताडून छापावीत, ही विनंती.

आपला,
एक निवृत्त फार्मासिस्ट, म्हापसा