'उपडे का टाकलेय?'

मा. संपादक,
स.न.वि.वि.

अतिदक्षता विभागात व्हेंटिलेटरवरचा रुग्ण पालथा दिसला की नातेवाईक विचारतात, 'असे उपडे का टाकलेय?' टाकलेले नसते, तो उपचार असतो.

फुप्फुसाचा मोठा भाग पाठीकडे असतो. रुग्ण उताणा असला की हृदयाचा आणि सुजून जड झालेल्या फुप्फुसाचा भार, शिवाय पोटाचा रेटा त्यावर येतो आणि तिथले वायुकोश मिटतात. रक्त मात्र तिथूनच जास्त वाहते, ते ऑक्सिजन न घेताच परतते. पालथे केले की हे वायुकोश उघडू लागतात. २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या, फ्रान्स व स्पेनमधील ४६६ गंभीर रुग्णांच्या अभ्यासात पालथे ठेवलेल्यांपैकी २८ दिवसांत १६ टक्के दगावले, उताण्यांपैकी ३२.८ टक्के. पण एका वेळी सलग किमान १६ तास! तासाभरात 'फरक नाही' म्हणून परत उलटवणे म्हणजे नुसती दमछाक.

घोटाळा होतो तो वळवताना. पाच माणसे हवीत. डोक्याशी उभा असलेला फक्त श्वासनळीतली नळी धरतो, वळवण्यासाठी 'एक, दोन, तीन'ही तोच म्हणतो. नळी सरकली तर सगळेच हातचे जाते. आधी नळीतून पोटात जाणारे अन्न (फीड) थांबवायचे, डोळ्यांत मलम घालून पापण्या मिटवायच्या. नंतर दर दोन तासांनी मानेची व हातांची स्थिती बदलायची, नाहीतर गाल-हनुवटीवर जखमा होतात, खांद्याची नस दुखावते.

शुद्धीवर असलेल्या, रक्तातला ऑक्सिजन ९४ टक्क्यांच्या खाली गेलेल्या कोविड रुग्णासाठी केंद्राच्या आरोग्य मंत्रालयाने एप्रिल २०२१ मध्ये सूचना दिल्या होत्या: एक उशी मानेखाली, एक-दोन छातीपासून मांड्यांपर्यंत, दोन नडग्यांखाली. उशा नसल्या तर चादरीची घट्ट गुंडाळी चालते, आणि सोलापुरात चादरींना काय तोटा! अर्धा ते दोन तास पालथे, मग उजवी कूस, टेकून बसणे, डावी कूस. जेवणानंतर तासभर नको. गरोदरपण, मणक्याची इजा, मांडी वा कटीचे फ्रॅक्चर, गंभीर हृदयविकार असेल तर अजिबात नको. हे सारे ऑक्सिजन चालू ठेवून आणि डॉक्टरांना कळवून. रुग्ण गुंगीत जात असेल तर उशा रचत बसू नये, रुग्णालय गाठावे.

या स्थितींची चित्रे प्रत्येक वॉर्डात खाटेजवळ लावावीत, आणि मजकूर मराठीबरोबर कन्नड व तेलुगूतही हवा.

– अतिदक्षता विभागातील परिचारिका व फिजिओथेरपिस्ट, सोलापूर