मेघनाला, रोख्यांबद्दल

सांगली

चि. मेघना,
अनेक आशीर्वाद.

परवा फोनवर तू म्हणालीस, "बाबा, रोख्यांत पैसे ठेवणं म्हणजे गादीखाली ठेवणं." तेवढ्यात दारात पाहुणे आले आणि बोलणं राहिलं.

एसटीच्या लेखा शाखेत जन्म गेला माझा. ईपीएसची, म्हणजे नोकरीतल्या फंडाच्या योजनेची, पेन्शन किराणा आणि लाइटबिलातच संपते, हे तुला ठाऊक आहे. म्हणजे फंड-ग्रॅच्युइटीचे आलेले पैसे हीच आमची खरी पेन्शन. ते बुडाले तर परत कमवायला एकाहत्तराव्या वर्षी मी कुठे जाऊ? तुझ्या हाताशी वर्षं आहेत, तुझी म्युच्युअल फंडातली एसआयपी खुशाल चालू दे.

घरखर्चापुरतं पोस्टाच्या ज्येष्ठ नागरिक योजनेत आहे. 2023 साली टाकले तेव्हा दर 8.2 टक्के होता. पाच वर्षं तोच, व्याज दर तिमाहीला. उरलेल्यातून रिझर्व्ह बँकेमार्फत मिळणारे सरकारचे फ्लोटिंग रेट बाँड, म्हणजे बदलत्या व्याजाचे रोखे, घेतले. त्यांचा दर पोस्टाच्या राष्ट्रीय बचत प्रमाणपत्रापेक्षा (एनएससी) 0.35 टक्का जास्त, सहा महिन्यांनी नव्याने ठरतो, आणि 1 जानेवारी, 1 जुलैला व्याज खात्यात. मुदत सात वर्षं. विकता येत नाहीत, तारण ठेवता येत नाहीत. सत्तरी ओलांडलेल्याला पाच वर्षांनी मोडता येतात, तेही थोडं व्याज सोडून. मी सगळेच पैसे त्यात घालणार होतो. आईने विचारलं, "आणि माझ्या गुडघ्याचं ऑपरेशन मधेच निघालं तर?" लेखा शाखेतल्या माणसाला हे सुचू नये! तीन लाख साध्या एफडीत ठेवले.

मधे एक ओळखीचा एजंट "एफडीसारखंच आहे काका, फक्त व्याज जास्त" म्हणत कागद घेऊन आला. चष्मा लावून वाचलं तर परतफेडीची तारीखच नाही. मार्च 2020 मध्ये येस बँकेचे 8,415 कोटींचे असेच एटी-वन रोखे, म्हणजे बँक अडचणीत आली तर बुडू शकणारे, शून्यावर आणले गेले, ते आठवलं. चहा पाजून वाटेला लावला. पतसंस्थेचंही तेच: बँकेतल्या ठेवीला पाच लाखांपर्यंत विमा आहे, पतसंस्थेतल्या ठेवीला तो नाही.

सरकारी रोखा म्हटला तरी मुदत बघावीच लागते. 7 टक्क्यांचा तीस वर्षांचा रोखा घ्यावा आणि बाजारातला दर 8 व्हावा, तर नवे रोखे जास्त व्याज देतात म्हणून जुन्याचा भाव पडतो, आणि मधेच विकला तर शंभराचे साधारण 89 होतात; पाच वर्षांचा असेल तर 96. शेवटपर्यंत धरला तर पूर्ण मिळतात, पण तीस वर्षं धरायला मी शंभरी गाठायला हवी.

महागाई पैसे खाऊन टाकते, हे तुझं म्हणणं मात्र मान्य. व्याजावर करही आहे. म्हणून जानेवारी-जुलैच्या व्याजातलं निम्मं परत गुंतवतो. पुरत नाही, पण झीज कमी होते.

सगळीकडे आईचं नाव जोडलंय, वारस म्हणून तुझं. बाँड इलेक्ट्रॉनिक खातेवहीतच नोंदलेले असतात, आपल्याकडे फक्त धारणपत्र, म्हणजे त्या नोंदीचा दाखला. या सगळ्या कागदांची फाइल माळ्यावर आहे. 2019 च्या पुरात खालचं कपाट भिजलं तेव्हापासून कागद वरच ठेवतो. दिवाळीला आलीस की एकदा आईसोबत बसून चाळून घे. व्याज कुठल्या खात्यात येतं, ते तिला अजून नीट लक्षात राहत नाही.

तुझे
बाबा