पडलेले सेमिस्टर लपवू नका

मा. संपादक,
स. न. वि. वि.

निकाल लागले की आपल्या पानांवर गुणवंतांचे कौतुक छापून येते, ते यायलाच हवे. मला लिहायचे आहे ते दहापैकी सहा-साडेसहा सीजीपीए (सगळ्या सेमिस्टरची मिळून सरासरी) घेऊन इंजिनिअरिंगमधून बाहेर पडणाऱ्या मुलांबद्दल. सांगलीत मेकॅनिकल शिकवताना अशीच मुले मी जास्त पाहिली. एम.टेक. किंवा परदेशातल्या एम.एस.चा विषय निघाला की ती आधीच हात टेकतात, नाहीतर सल्लागाराकडून ‘लहानपणापासून मला यंत्रांची ओढ होती’ अशा छापाचे एसओपी, म्हणजे प्रवेशअर्जासोबतचे स्वतःबद्दलचे निवेदन, विकत घेतात. त्यात पडलेल्या वर्षाबद्दल अवाक्षर नसते. सोबतच्या ट्रान्सक्रिप्टवर, म्हणजे सगळ्या सेमिस्टरच्या गुणपत्रकावर, मात्र तेच आधी नजरेत भरते.

माझा एक विद्यार्थी मराठी माध्यमातून आलेला. पहिल्या वर्षी गणिताच्या एम-वन, एम-टू या दोन्ही पेपरांत केटी, म्हणजे नापास होऊन विषय मागे राहिला. दुसऱ्या वर्षी वडील आजारी, त्यात एम-थ्री राहिला. पुढे गाडी रुळावर आली, शेवटच्या दोन सेमिस्टरना आठच्या वर एसजीपीए (त्या-त्या सेमिस्टरची सरासरी). एसओपीत त्याने आजारपणाचे पानभर वर्णन केले होते. मी त्याला ते तीन वाक्यांत आणायला सांगितले: काय घडले, ते केव्हा संपले, त्यानंतर काय करून दाखवले. उरलेली जागा त्याच्या प्रोजेक्टला दिली. साखर कारखान्याच्या गिरणीतून बाहेर पडणाऱ्या बगॅसमध्ये, म्हणजे उसाच्या चिपाडात, जवळपास निम्मे पाणी असते. बॉयलरच्या धुराड्यातून वाया जाणाऱ्या उष्णतेवर ते किती वाळवता येईल, हे त्याने कारखान्यात जाऊन मोजले होते. गणिताची शंका राहू नये म्हणून एनपीटीईएल या आयआयटींच्या ऑनलाइन उपक्रमाचा कोर्स करून त्याची केंद्रावरची परीक्षाही दिली. असा पुरावा असला की केटीचे स्पष्टीकरण रडगाणे वाटत नाही.

अर्थात, काही दारे आकड्यावरच बंद होतात, हे मुलांना स्पष्ट सांगितले पाहिजे. जर्मनीत आपले गुण बव्हेरियन सूत्राने बदलतात आणि तिथे आकडा जितका लहान तितका चांगला. दहापैकी चारला उत्तीर्ण धरले तर सात सीजीपीएचा २.५ होतो, ६.४ चा २.८. जिथे २.५ ची सीमा आहे तिथे कितीही चांगले एसओपी उपयोगी नाही. फी भरण्याआधी अट वाचावी आणि सीमा नसलेला अभ्यासक्रम शोधावा. अमेरिकेत बऱ्याच ठिकाणी चारपैकी तीनची अट असते, पण विभागाला विद्यार्थी हवा असेल तर काही विद्यापीठांत तो अपवादाची शिफारस करू शकतो. आपल्याकडे एम.टेक.साठीच्या गेट या प्रवेश परीक्षेचा स्कोअर तीन वर्षे चालतो. मधले एखादे वर्ष नोकरीत घालवून मग अर्ज केला तरी चालते, हे कितीतरी पालकांना माहीतच नसते.

आता माझ्या व्यवसायबंधूंसाठी. शिफारसपत्र मागायला आलेल्या मुलाला ‘तूच लिहून आण, मी सही करतो’ असे सांगण्याची पद्धत पडली आहे. ती मला फार लागते. वडिलांच्या आजारपणाबद्दल मुलाने लिहिले तर ती सबब वाटू शकते. तेच, ‘त्या वर्षी हा रात्री इस्पितळात असायचा आणि सकाळी माझ्या प्रॅक्टिकलला हजर असायचा’ असे शिक्षकाने लिहिले तर वाचणारा थांबतो. पण त्यासाठी मूल आपल्याला माहीत असावे लागते. साठ-सत्तरांच्या वर्गात हे कठीण आहे, तरी प्रोजेक्टच्या चार मुलांबाबत तरी जमावे.

महाविद्यालयांनाही एक विनंती. ट्रान्सक्रिप्टसोबत त्या तुकडीत किती जणांना प्रथम श्रेणी मिळाली आणि हा विद्यार्थी कितव्या क्रमांकावर होता, याचे एका पानाचे पत्र द्यावे. कडक तपासणीच्या वर्षातला साडेसहा आणि सैल वर्षातला साडेसहा बाहेरच्याला सारखाच दिसतो. परीक्षा विभागाकडे ही माहिती असतेच. ती मागायला मुलाला चार खिडक्या फिरवू नये.

– एक निवृत्त प्राध्यापक, सांगली