बालेकिल्ला म्हणण्यापूर्वी : सांगली लोकसभेविषयी मित्रास पत्र

विश्रामबाग, सांगली
१८ जून २०२४

प्रिय मित्र सुधाकर यास,
सप्रेम नमस्कार.

४ जूनच्या संध्याकाळी तुझा नागपूरहून फोन आला, तेव्हा आमच्या कॉलनीच्या तोंडाशी फटाक्यांची माळ लागली होती आणि मला धड बोलता आले नाही. तू म्हणालास, "शेवटी सांगलीला वसंतदादांचेच घर लागते. बालेकिल्ला तो बालेकिल्लाच." हे वाक्य गेले दोन आठवडे माझ्या मनातून गेलेले नाही. दादांचे नातू विशाल पाटील अपक्ष म्हणून एक लाख त्रेपन्न मतांनी निवडून आले याचा मलाही आनंद झाला. तथापि त्या विजयाचे श्रेय केवळ घराण्याला देणे म्हणजे इथल्या मतदाराने सत्तर वर्षांत जे काही केले ते पुसून टाकणे होय, असे मला वाटते. म्हणून हे लांबलचक पत्र.

तुझ्या घरापासूनच सुरुवात करतो. आपला जिल्हा १९४९ साली साताऱ्यातून वेगळा झाला तेव्हा त्याचे नाव दक्षिण सातारा होते आणि १९६० च्या नोव्हेंबरात तो सांगली झाला. १९५२ ची पहिली निवडणूक काँग्रेसने जिंकली. मात्र पुढच्याच, १९५७ च्या निवडणुकीत, जेव्हा आपला मतदारसंघ मिरज या नावाने ओळखला जात होता, तेव्हा संयुक्त महाराष्ट्राच्या लाटेत इथून शेतकरी कामगार पक्षाचा उमेदवार दिल्लीला गेला आणि शेजारच्या साताऱ्याने क्रांतिसिंह नाना पाटलांना निवडून दिले. तुझे वडील त्या प्रचारात सायकलवरून गावोगाव हिंडले होते, हे तूच मला शाळेत असताना अभिमानाने सांगत असायचास. ज्या मतदारसंघाने दुसऱ्याच निवडणुकीत सत्ताधारी पक्षाला घरी बसवले, त्याला बालेकिल्ला कसे म्हणावे?

१९६२ साली काँग्रेस परतली, ती जतच्या डफळे संस्थानिकांच्या घरातील विजयसिंहराजांच्या रूपाने. त्यानंतर एस. डी. पाटील आणि मग दोन वेळा गोटखिंडे निवडून आले. यांतील दुसरी वेळ १९७७ ची, आणि तिच्यापाशी मला थोडे थांबावेसे वाटते. आणीबाणीनंतरच्या त्या निवडणुकीत उत्तर भारतात काँग्रेस वाहून गेली, महाराष्ट्रातही अठ्ठेचाळीसपैकी वीसच जागा तिच्या हाती राहिल्या. सांगली त्या विसांत होती. याचे कारण दिल्लीत नव्हते, ते कारखान्यात, सोसायटीत आणि बँकेत होते. दादांनी उभ्या केलेल्या सहकाराने कृष्णाकाठच्या शेतकऱ्याच्या हातात पैसा आला होता आणि तो शेतकरी ते विसरला नव्हता. त्यानंतर काही आठवड्यांतच दादा राज्याचे मुख्यमंत्री झाले.

दादा स्वतः लोकसभेला उभे राहिले ते १९८० च्या जानेवारीत. मी तेव्हा नोकरीला नवा लागलेला शिक्षक होतो आणि माझी पहिली निवडणूक ड्युटी जत तालुक्याच्या पूर्व भागातील एका गावात लागली. हे मी तुला पूर्वी सांगितले असेन, पण सविस्तर कधी सांगितलेले नाही. एस.टी.ने जिथवर जाता आले तिथवर गेलो आणि पुढे बैलगाडीत मतपेट्या घेऊन रात्री शाळेत पोचलो. कोतवालाने आमच्यासाठी एक घागर पाणी आणून ठेवले होते. ते तीन मैलांवरच्या विहिरीचे आहे आणि उद्या संध्याकाळपर्यंत तेवढ्यावरच भागवायचे आहे, असे त्याने हात जोडून सांगितले. सकाळी आम्ही रिकामी पेटी प्रतिनिधींना उघडून दाखवली, कागदी सीलवर त्यांच्या सह्या घेतल्या आणि मतदान सुरू केले. माझ्याकडे बोटाला शाई लावण्याचे काम होते. दुपारच्या सुमारास एक म्हातारी आली. शाई लावण्यासाठी मी तिचे बोट हातात घेतले, तर ते शेंदायच्या दोराने चिरून काळे पडलेले होते, इतके की शाई नेमकी कुठे लागली तेही नीट दिसेना. मतपत्रिका हातात घेऊन तिने मला विचारले, "मास्तर, ह्यात पाणी कुटं हाय? तितंच शिक्का मारते." केंद्राध्यक्षांनी तिला नियमाप्रमाणे समजावून सांगितले आणि ती पडद्याआड गेली. तिने कोणाला मत दिले हे मला ठाऊक नाही आणि ठाऊक असूही नये. परंतु सांगलीच्या निवडणुकांचा विचार करताना गेली चव्वेचाळीस वर्षे मला पहिल्यांदा तिचा प्रश्न आठवतो.

त्यानंतरचा काळ तुला पाठच आहे. १९८३ मध्ये दादा पुन्हा मुख्यमंत्री झाले आणि पोटनिवडणुकीत त्यांच्या पत्नी शालिनीताई आल्या. पुढे दादांचे चिरंजीव प्रकाशबापू, घरातलेच मदनभाऊ, पुन्हा बापू, आणि बापूंच्या निधनानंतर २००६ च्या पोटनिवडणुकीत प्रतीक पाटील. १९८० पासून २००९ पर्यंत दोन पोटनिवडणुका धरून एकूण अकरा निवडणुका एकाच घराने जिंकल्या. तुझे म्हणणे या अकरांवरच उभे आहे, आणि ते अगदीच निराधार आहे असे मी म्हणणार नाही. १९९६ साली साताऱ्याने शिवसेनेचा खासदार दिला तेव्हा सांगलीने मदनभाऊंना निवडले. १९९९ मध्ये पवारसाहेबांनी वेगळा पक्ष काढला आणि सातारा व कराड दोन्ही राष्ट्रवादीकडे गेले, तरी सांगली बापूंच्या मागे काँग्रेसमध्येच राहिली. बापूंचा स्वभाव, त्यांचा साधेपणा आणि दादांविषयीची कृतज्ञता या तिन्ही गोष्टी त्यामागे होत्या. पण कृतज्ञतेचे भांडवल पिढीगणिक कमी होत जाते. २००९ मध्ये अपक्ष अजितराव घोरपडे यांनी प्रतीक पाटलांना जे झुंजवले, त्यातच पुढच्या निकालाची चाहूल होती, आणि ती आपण ऐकली नाही.

त्या निवडणुकीपासून मतदारसंघाचा नकाशाही नवा झाला होता, याकडे तुझे लक्ष गेलेले दिसत नाही. जिल्ह्यातील आठ विधानसभांपैकी इस्लामपूर आणि शिराळा हातकणंगले मतदारसंघात गेल्या. सांगलीत राहिल्या त्या मिरज, सांगली, पलूस-कडेगाव, खानापूर, तासगाव-कवठे महांकाळ आणि जत. म्हणजे शेवटच्या तीन पाहिल्या तर अर्धा मतदारसंघ टेंभू, ताकारी किंवा म्हैसाळ या उपसा योजनांच्या पाण्याकडे डोळे लावून बसलेला दुष्काळी टापू आहे. कृष्णेचे पाणी पंपाने टप्प्याटप्प्याने उचलून वर न्यायचे, पंप चालवायचे तर विजेचे बिल भरायचे, बिल थकले की आवर्तन बंद पडायचे, हे चक्र ज्याने दरवर्षी सोसले त्याला दादांनी स्वातंत्र्यलढ्यात सांगलीचा तुरुंग फोडला होता याचे मोल कळत नाही असे नाही. परंतु त्याचा उभ्या पिकाचा प्रश्न निराळा आहे. २०१६ मध्ये मिरजेहून पाण्याची रेल्वे लातूरला गेली तेव्हा आपल्या सर्वांची मान उंचावली. जतच्या पूर्व भागातील माणूस मात्र त्याच कृष्णेच्या पाण्याची वाट पाहत होता, आणि २०२२ मध्ये कर्नाटकच्या मुख्यमंत्र्यांनी जतच्या गावांवर हक्क सांगितला तेव्हा तिथल्या काही गावांनी पाणी देणाऱ्याकडे जाऊ असे उघडपणे म्हटले. हे ऐकून मला रात्री झोप लागली नव्हती.

आता आकडे पाहा. २०१४ मध्ये भाजपचे संजयकाका पाटील ६,११,५६३ मते घेऊन जवळजवळ दोन लाख चाळीस हजारांच्या फरकाने निवडून आले. चौतीस वर्षांचे घर एका दिवसात बाजूला झाले. २०१९ मध्ये त्यांना ५,०८,९९५ मते पडली आणि २०२४ मध्ये ४,७१,६१३. ते दुसऱ्यांदा जिंकले तेव्हाच त्यांची लाखभर मते गळाली होती, फक्त विरोधातील मते विशाल पाटील (३,४४,६४३) आणि वंचित बहुजन आघाडीचे गोपीचंद पडळकर (३,००,२३४) यांच्यात विभागल्यामुळे ते कोणाला जाणवले नाही. त्या वर्षी विशाल पाटील राजू शेट्टींच्या स्वाभिमानी पक्षाकडून बॅट चिन्हावर लढत होते. नाव तेच, घर तेच, तरीही पराभव झाला. घराण्यावरच मत पडत असते तर २०१४ आणि २०१९ या दोन निवडणुकांचा उलगडा तू कसा करशील?

यंदाची गोष्ट तर अधिकच बोलकी आहे. महाविकास आघाडीत जागा काँग्रेसऐवजी उद्धव ठाकरेंच्या शिवसेनेला गेली आणि दोनदा महाराष्ट्र केसरी झालेले चंद्रहार पाटील उमेदवार झाले. विशाल पाटलांना अपक्ष उभे राहावे लागले आणि चिन्ह मिळाले लिफाफा. अर्ज माघारीची मुदत २२ एप्रिलला संपली आणि मतदान ७ मेला होते, म्हणजे लिफाफा घरोघर पोचवायला अवघे पंधरा दिवस होते. माझ्या शेजारच्या आजींना वाचता येत नाही. त्यांच्या नातवाने लग्नपत्रिकेचे पाकीट भिंतीला चिकटवून त्यांना चिन्ह ओळखायला शिकवले, हे मी डोळ्यांनी पाहिले. विशाल पाटलांना ५,७१,६६६ मते मिळाली आणि चंद्रहारांना ६०,८६०. वरून ठरवून दिलेला उमेदवार मतदाराने नाकारला आणि दहा वर्षांच्या खासदारालाही बदलले, या दोन्ही गोष्टी त्याने एकाच बटणाने केल्या. यात घराण्याच्या नावाचा वाटा आहेच. पण तेच नाव पाच वर्षांपूर्वी हरले होते, हे विसरू नकोस.

गेल्या महिन्यात, मतदानानंतरच्या रविवारी, मी जतच्या त्या गावी मुद्दाम जाऊन आलो. आता डांबरी रस्ता थेट शाळेपर्यंत जातो. शाळेच्या आवारात टँकर उभा होता आणि बायका प्लास्टिकच्या घागरी घेऊन रांगेत होत्या. विस्तारित म्हैसाळचे काम कुठवर आले आहे, असे मी तिथल्या एका तरुणाला विचारले, तेव्हा त्याने मला लांबवर पडलेले पाइप दाखवले. नव्या खासदारांना मी या पाइपांविषयी पत्र लिहिणार आहे. त्याचा मसुदा तुला पाठवीन, पाटबंधाऱ्यात तीस वर्षे काढलेल्या माणसाने त्यावर नजर फिरवलेली बरी.

आणखी एक काम आहे. तुझ्या वडिलांच्या लोखंडी ट्रंकेत १९५७ च्या प्रचाराची पत्रके होती, ती मी लहानपणी पाहिल्याचे मला स्पष्ट आठवते. वाळवी लागण्याआधी ती बाहेर काढ, आणि गणपतीला येशील तेव्हा सोबत घेऊन ये.

वहिनींना नमस्कार, मुलांना आशीर्वाद.

तुझा,
वसंता