दिन्याचं रीळ

भुसावळ,
14 जानेवारी

प्रिय सुभ्या,

तिळगूळ मनातल्या मनात खा. दिवाळीत तुझे दोन फोन येऊन गेले, मी उचलले नाहीत. नंतर करू, नंतर करू म्हणता म्हणता इतके दिवस लोटले की करायचीच लाज वाटायला लागली. म्हणून पत्र. शिवाय हे फोनवर सांगायला घेतलं असतं तर तू पहिल्याच वाक्याला हसला असतास आणि माझं पुढचं राहून गेलं असतं. आईचा गुडघा तसाच, माझी शुगर तशीच.

दिन्याच्या मासे धरायच्या रिळावरची दोरी गेली.

नायलॉनचा एकपदरी तंगूस नव्हे. शेवटी तुझं ऐकलं, विणलेली ब्रेडेड घेतली. थांब, नाचू नकोस. हतनूर धरणाच्या काठावर त्या रात्री मी तुला ‘सुरतेचा दलाल’ म्हणालो होतो, ते मागे घेत नाही. हे नायलॉन नाही, पॉलिथिलीन आहे, म्हणून तू तासभर डोकं खाल्लं होतंस, आणि दिन्या म्हणाला होता, ‘म्हणजे भो, आता भाजीच्या पिशवीनं मासे धरायचे?’ तुझा राग अजून आठवतो. भरीत तसंच टाकून उठला होतास.

पण वस्तू चांगली, हे कबूल. वीस पौंडाची घेतली, म्हणजे साधारण नऊ किलो ताकद, आणि जाडी आपल्या आठ पौंडाच्या तंगुसाएवढी. चार पदरी घेतली. आठ पदरी गोल, मऊ, रॉडच्या कड्यांतून आवाज न करता जाते. पण पैसे बघितले आणि चार पदरीत समाधान मानलं. घासत जाते, खरखर करते, चालायचंच. सगळ्यात मोठा फरक ताणाचा. तंगूस ओढला की रबरासारखा थोडा येतो, ही अजिबात येत नाही. पन्नास हातांवर माशानं पेंडेच्या गोळ्याला नुसतं नाक लावलं तरी बोटाला कळतं. आपली शाळेपासूनची पाच वेढ्यांची गाठ मात्र हिच्यावर सरकते. दोरी दुहेरी करून गळाच्या डोळ्यातून घालायची आणि गळच त्या फासातून काढायचा, ती गाठ बसते. घट्ट करण्याआधी थुंकी लावायची, नाहीतर घर्षणानं तापून तिथेच कमजोर होते. दातांनी तुटत नाही. मी बायकोची शिलाईची कात्री वापरली. त्यावरून घरात काय झालं ते होळीला तोंडी.

आता मुद्दा. ही दोरी इतकी गुळगुळीत की उघड्या रिळावर गुंडाळली तर मासा ओढताना अख्खा गुंडाच गरगर फिरतो. म्हणून खाली थोडा तंगूस लागतो. चिकटपट्टीसुद्धा चालते. मला माहीत होतं, घरात चिकटपट्टी होती. पण रिळावर दिन्यानं स्वतः भरलेला तंगूस होता ना, त्या पावसाळ्यातला. अर्धा काढून टाकायला दोन तास लागले मला. उरलेला अर्धा काढवला नाही. म्हटलं राहू दे खाली, त्याच्यावरच जोडू. दोन उन्हाळे रीळ माळ्यावर पडून होतं, आणि भुसावळचा उन्हाळा तुला काय सांगायचा. तंगूस पिवळा पडला होता. तू असतास तर नखानं दाबून बघितला असतास आणि मला शिवी दिली असतीस.

मागच्या रविवारी चांगदेवला गेलो, तापी-पूर्णेच्या संगमाच्या अलीकडे, आपल्याच दगडावर. ठेकेदाराच्या माणसाला विचारून, हो. गळाकडचे दोन हात नवा तंगूस लावला होता, कारण ब्रेडेड पाण्यात दिसते आणि दगडावर घासली की तिचे धागे सुटतात. दोरी ताणत नाही म्हणून माशाचा जबडा फाटू नये, तर रिळाचा ब्रेक, म्हणजे ड्रॅगही ढिला ठेवला होता. सगळं शहाण्यासारखं. साडेनऊला कटला लागला. लागला म्हणजे काय, बकरी बांधलेला दोर सुटावा तसा सुटला. ढिला ड्रॅग, शंभर मीटर दोरी. मी स्क्रू आवळायचा सोडून येड्यासारखं दोरीवर बोट ठेवलं. बोट हाडापर्यंत कापलं. (तीन टाके. बरं आहे.) रक्त बघतोय, तेवढ्यात रिळावर खालून पिवळं दिसलं. दिन्याचा तंगूस उलगडायला लागला होता, सुभ्या. दोन-तीन वेढे गेले असतील. मी ओरडलो. माशाला नव्हे, दिन्याला. मग टच्.

घरी फोन करून म्हणालो, ‘ब्रेड सगळा गेला.’ ती म्हणाली, ‘मग येताना घेऊन या, दूधही आणा.’ काठावर एकटा बसून हसलो आणि मग बराच वेळ बसूनच राहिलो.

मासा गेल्याचं दुःख नाही. शंभर मीटर दोरी पाण्यात आहे, ती कुजणारी नाही, आणि आत्ता सगळं बॅकवॉटर चक्रवाकांनी भरलेलं. एखाद्याच्या पायात अडकली तर? रात्री तेच डोळ्यांपुढे येतं. ती पाण्यावर तरंगते, म्हणून दोन दिवस भोईवाड्यातल्या बाबांच्या होडीतून शोधलं. बुडालेल्या बाभळीच्या शेंड्याला वीसेक हात सापडली, पुढे तुटलेली. बाकीची माशाबरोबर, नाहीतर कुठल्या झुडपात. बाबा म्हणाले, ‘दोरी तुटस नही भाऊ, गाठ सुटस.’ मी काही बोललो नाही. सापडलेल्या तुकड्याच्या टोकाला माझी गाठ शाबूत होती. तिच्यापुढे चार बोटं पिवळा तंगूस. गाठीच्या पलीकडे, दिन्याच्या बाजूला तुटलं होतं.

हे घरात कुणाला सांगू? म्हणतील, जुनी दोरी होती, तुटली.

तुझं नवीन घर झालं का? पोरीची दहावी ना यंदा? वहिनींना नमस्कार सांग. केळीला यंदा भाव बरा आहे म्हणतात, तुझ्या भावाला विचार.

होळीला ये. रिळावर अजून थोडा पिवळा तंगूस उरलाय. तो तू काढ. कात्री आहे घरात, फक्त आधी बायकोला विचारू नकोस.

तुझा,
मन्या