रविवारच्या बैठकीसाठी: तारा ओढायच्या आहेत

सर्व सभासदांना कळवण्यात येते की रविवारी दुपारी 4 वाजता रत्नागिरीत नेहमीच्या जागी एस.ई.5ए या पहिल्या महायुद्धातल्या दुपंखी लढाऊ विमानाच्या 1:72 प्रमाणातल्या मॉडेलवर पंखांमधल्या तारा ओढायला बसू. भारतीय वैमानिक इंद्रलाल रॉय यांनी जुलै 1918 मध्ये हवाई लढाईत दहा विजय मिळवले ते याच जातीच्या विमानावर.

तारांसाठी नायलॉनचा तंगूस 0.10 मिलिमीटरचाच आणा. 0.30 चा लावलात तर खऱ्या विमानावर जवळपास 22 मिलिमीटरचा दोरखंड होतो; त्याने होडी बांधावी. रंग आणि डिकल (चिकटवायची चिन्हं) घरूनच पुरे करून या. वरचा पंख मात्र चिकटवू नका, आधी 0.3 च्या ड्रिलने भोकं पाडायची आहेत.

फ्लाइंग वायर, म्हणजे उडताना पंखांचा ताण घेणाऱ्या तारा, खालून, विमानाच्या पोटापासून वरच्या पंखाकडे बाहेर जातात आणि या विमानात त्या जोडीने असतात. लँडिंग वायर, म्हणजे जमिनीवर असताना पंखांचा भार घेणाऱ्या, उलट्या तिरक्या, एकेकट्या. चुकलं तर लांबूनही दिसतं.

आपल्याकडच्या दमट हवेत नायलॉन ओल धरून सैलावतं. उदबत्तीचं टोक जवळून, न टेकवता फिरवलं की तार पुन्हा ताठ होते. जरा रेंगाळलात की तुटलीच. सुपरग्लू मात्र याच दमटपणात पटकन धरतो आणि वाफेने काच पांढरी करतो. माझी विंडशील्ड गेल्या पावसाळ्यात अशीच गेली, म्हणून काच सर्वांत शेवटी, पांढऱ्या फेविकॉलने.

उदबत्ती मी आणतो. चिमटा आपापला आणावा, मागच्या वेळचे दोन अजून परत आलेले नाहीत.