कांडीतल्या रेतात लाटा दिसत नसतात

मा. संपादक,
स. न. वि. वि.

कालच्या कृषी पानावर पशुपालकांना दिलेला सल्ला वाचून राहवले नाही. शाळेतला सूक्ष्मदर्शक मागून आणा, कृत्रिम रेतनाच्या कांडीतल्या, म्हणजे गोठवलेले वीर्य भरलेल्या बारीक नळीतल्या, रेताचा थेंब काचेवर ठेवा, लाटा उठताना दिसल्या तरच गाय भरवा, नाहीतर कांडी फेकून द्या! हे वाचून कोणी चांगल्या कांड्या फेकल्या, तर त्या गायीचा हुकलेला माज २१ दिवसांनीच परत येणार. तो खर्च कोण देणार?

लाटा दिसतात त्या वळूकडून नुकत्याच घेतलेल्या, पातळ न केलेल्या रेतात. त्यात मिलिलिटरला ५० कोटींहून जास्त, पुष्कळदा १०० कोटींच्या घरात शुक्राणू असतात. कांडीतल्या पाव मिलिलिटरमध्ये असतात साधारण २ कोटी, म्हणजे मिलिलिटरला ८ कोटी. इतक्या विरळ रेतात लाट उठणारच नाही. तिथे एकेक शुक्राणू सरळ पुढे जातो आहे का, एवढेच पाहायचे असते. असे पुढे सरकणारे शुक्राणू निम्म्याहून कमी निघाले, तर प्रयोगशाळेत ती बॅच बाद होते.

तेही नीट तपासले तर. कांडी ३७ अंशांच्या पाण्यात ३० सेकंद धरायची आणि बाहेर काढल्यावर कोरडी पुसायची, कारण रेतात पाणी उतरले की शुक्राणूंच्या शेपट्या वळतात. काचपट्टी, वरची काच आणि सूक्ष्मदर्शकाची बैठक, तिन्ही ३७ अंशांवर हवीत. थंडीतल्या सकाळी टेबलावरच्या गार काचेवर थेंब टाकला की चांगले शुक्राणूही गोल फिरू लागतात, काही मागे सरकतात, मग थांबतात. पाहणारा म्हणतो, कांडी मेलेली. उलट, रेत पातळ करायच्या मिश्रणात पुष्कळदा अंड्याचा बलक असतो. त्याचे बारीक कण जागच्या जागी थरथरतात आणि नवख्याला तीच हालचाल वाटते, म्हणून मेलेली कांडी पास होते. शाळेच्या सूक्ष्मदर्शकाखाली या दोन्ही चुका होणार.

शिवाय हालचाल दिसली म्हणजे काम झाले असेही नाही. इओसिन-निग्रोसिनने रंगवल्यावर मेलेले शुक्राणू गुलाबी होतात, जिवंत पांढरेच राहतात. कमी क्षारांच्या द्रावणात तासभर ठेवल्यावर आवरण शाबूत असलेल्यांची शेपटी फुगून वळते. शुक्राणूच्या डोक्यावरची टोपी (अ‍ॅक्रोसोम) टिकली आहे का, हे वेगळे पाहतात. हे घरी होण्यासारखे नाही.

गाय उलटली, म्हणजे गाभ न राहता पुन्हा माजावर आली, की पहिला दोष कांडीला देण्याआधी कांड्या द्रवरूप नायट्रोजनमध्ये ठेवायचा कंटेनर पाहा. हवी ती कांडी शोधताना कॅनिस्टर (कांड्या ठेवायचे आतले भांडे) कंटेनरच्या तोंडाबाहेर काढून धरतात, घाई नसते, बोलणेही चालू असते. कांडी दोन मिलिमीटर जाडीची, काही सेकंदांतच ती तापू लागते. उणे १३० अंशांच्या वर गेली की आतले बर्फाचे कण मोठे होऊन शुक्राणूंची आवरणे फाडतात. पुन्हा नायट्रोजनमध्ये बुडवल्याने ते सांधत नाही, आणि कांडी बाहेरून तशीच दिसते. कॅनिस्टर कंटेनरच्या मानेच्या खालीच ठेवून चिमट्याने कांडी उचलली की हे टळते.

शंकाच असेल तर एकाच बॅचच्या दोन कांड्या, एक गावातल्या कंटेनरमधली आणि एक साठा नीट राहिलेल्या ठिकाणची, नायट्रोजनमध्येच ठेवून प्रयोगशाळेत पाठवा. दुसरी चांगली निघाली आणि पहिली मेलेली, तर दोष कुठे आहे ते लगेच कळेल.

जाता जाता आणखी एक. त्याच लेखात द्रवरूप नायट्रोजनचे तापमान ‘१९६ अंश’ छापले आहे. ते उणे १९६ आहे. याच पानावर उणे चिन्ह गळण्याची ही पहिली वेळ नाही. दोन्ही दुरुस्त्या याच पानावर, त्याच जागी छापाव्यात, ही विनंती.

आपला,
एक पशुवैद्यक वाचक